एकशे आठचे पायलट: खान्देशातल्या ॲम्ब्युलन्सची गोष्ट

आजचा विषय रोज आपल्या शेजारून सायरन वाजवत जातो, पण त्याचा इतिहास शाळेत कुणी शिकवत नाही. ॲम्ब्युलन्स. आणि त्याहून जास्त, तिच्यात बसलेली माणसं.

आधी शब्दच बघू. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या सैन्यात डोमिनिक लारे नावाचा सर्जन होता. जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत मैदानातच पडून राहतात, हे त्याला बघवेना. १७९२ च्या सुमारास त्यानं हलक्या घोडागाड्या तयार करायला घेतल्या. नाव दिलं, उडती ॲम्ब्युलन्स. त्याचा नियमही वेगळा होता: ज्याची जखम गंभीर त्याला आधी उचलायचं, तो सेनापती आहे की साधा शिपाई हे नंतर बघू. त्या काळात फ्रेंचमध्ये ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हती, सैन्याबरोबर चालणारा दवाखाना होता.

मराठीत आपण शब्द केला रुग्णवाहिका. रुग्ण वाहून नेणारी. बघा गंमत, दवाखाना गळून पडला आणि फक्त वाहणं उरलं. पण शब्द खोटा नाही हं. आपल्याकडे खूप वर्षं तेवढंच होत होतं.

ब्रिटिशांच्या काळात खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले: पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. एका बाजूला तापीकाठची सपाट काळी जमीन, दुसऱ्या बाजूला सातपुडा. सपाटीवर आजारी माणूस बैलगाडीत घालायचे, नाहीतर खाटेवर. डोंगरात बांबूला चादर बांधून झोळी करायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. ही झोळी इतिहासजमा झाली असं समजू नका. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरून अजून अशा बातम्या येतात, आणि पेपरवाल्यांनी तिला नावही देऊन टाकलंय, 'बांबूलन्स'. ऐकायला विनोदी वाटतं. जिच्या कळा सुरू झाल्यात तिला विचारा.

आणि खांद्याची ॲम्ब्युलन्स फक्त आपल्याकडे होती असंही नाही. बोअर युद्धात, १८९९-१९०० मध्ये, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत भारतीयांचं ॲम्ब्युलन्स पथक उभं केलं होतं. सुमारे ११०० माणसं. स्ट्रेचर उचलून मैलोन् मैल चालणं हेच त्यांचं मुख्य काम.

मग मोटार आली. वेग वाढला, पण मागच्या भागात पेशंटजवळ कोण बसायचं? नातेवाईक. तो हात धरून रडणार, ड्रायव्हर हॉर्न वाजवणार, आणि उपचार सुरू होणार ते दवाखान्याच्या दारात. अमेरिका तरी पुढं होती का? तर नाही. १९६० च्या दशकात तिथल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या चालवत होत्या. कारण साधं: माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच होती. म्हणजे रुग्णवाहिका आणि शववाहिका एकच.

हे बदललं ते पिट्सबर्ग शहरात, १९६७ मध्ये. सीपीआर ज्यांच्यामुळे जगभर पोचला त्या डॉक्टरांपैकी एक, पीटर साफर, यांनी तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली बेकार तरुण पोरं घेतली. त्यांना शेकडो तासांचं प्रशिक्षण दिलं आणि गाडीत मागे बसवलं. संस्थेचं नाव फ्रीडम हाऊस. ज्यांना शहर कामावर घ्यायला तयार नव्हतं, त्यांनी शहराला वाटेतच जीव वाचवायला शिकवलं. १९७५ मध्ये शहरानं ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली, पण पद्धत तीच राहिली: उपचार गाडीत सुरू करायचे.

भारतात हे यायला बराच वेळ लागला. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जखमी माणूस समोर आला तर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादमध्ये १०८ नंबर सुरू झाला. महाराष्ट्रात तो आला जानेवारी २०१४ मध्ये, ९३७ गाड्या घेऊन. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, ७०४ बेसिकच्या. राज्याची लोकसंख्या तेव्हा अकरा कोटींच्या वर. भागाकार केला तर साधारण एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी.

महाराष्ट्रानं एक गोष्ट वेगळी केली. इतर बऱ्याच राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवला. बहुतेक जण बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस केलेले. आणि ड्रायव्हरला नाव मिळालं पायलट. लारेचा चालता दवाखाना सव्वादोनशे वर्षांनी आपल्या तालुक्याला आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता या गाडीत बोलणं काय चालतं? गेल्या काही महिन्यांत जळगाव आणि धुळ्याकडच्या काही क्रूंबरोबर मी चहा प्यायलो. नावं सांगणार नाही, त्यांची तीच अट होती.

पहिला विनोद 'पायलट' याच शब्दावर. घरचे विचारतात, "काय रे, जळगावहून मुंबईचं विमान तूच नेतो का?" एकाचं उत्तर ठरलेलं आहे: "विमानाला खड्डे नसतात. ते कुणीपण चालवेल."

दुसरा डॉक्टरांच्या डिग्रीवर. पायलट म्हणतो, "डॉक्टर, कॉल आला, काढा उकळायला ठेवू का?" डॉक्टर म्हणतात, "आधी तुझ्या क्लचला च्यवनप्राश दे."

तिसरा जेवणावर. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी समोर आली की फोन वाजणार, हे त्यांच्याकडे शास्त्र आहे. परत आल्यावर अहिराणीत हळहळ सुरू होते, "भरीत थंडं व्हई गयं ना भो!" आणि ड्यूटीवर 'आज शांत आहे' हे वाक्य कुणी बोलायचंच नाही. नवीन पोरगं बोललंच, तर सगळे एकदम ओरडतात, "गप बठ!"

पण सगळ्यात जास्त चेष्टा होते ती पत्त्यांची. १०८ चा फोन लागतो पुण्यात, औंधच्या कंट्रोल रूमला. तिथून जवळच्या गाडीला निरोप. फोन करणारा घाबरलेला, म्हणतो, "सावखेड्याला या." आता कोणता सावखेडा? यावल तालुक्यात सावखेडा सीम, रावेर तालुक्यात सावखेडा बुद्रुक आणि खुर्द. जळगावजवळची शिरसोली घ्या. प्र.बो. की प्र.न.? ही अक्षरं म्हणजे जुन्या परगण्यांच्या खुणा. परगणे गेले, इंग्रज गेले, तरी रात्री दोन वाजता सायरन लावून निघालेल्या पायलटला विचारावंच लागतं, "भाऊ, बो की न?" मला हे ऐकून खूप हसू आलं. मग डॉक्टर म्हणाल्या, "चुकीच्या गावात गेलो तर पंधरा मिनिटं जातात." मी हसायचा थांबलो.

ही माणसं एवढी चेष्टा का करतात, हे खान्देशचा नकाशा बघून कळतं. धुळ्यात दोन मोठे महामार्ग एकमेकांना कापतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, सगळी गावं या दुसऱ्या रस्त्यावर ओवलेली. केळीचे ट्रक, कापसाचे ट्रक, कंटेनर, आणि त्यांच्यामधून शेतावर निघालेली मोटरसायकल. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एक कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला, किमान १० माणसं गेली. जखमींना शिरपूर आणि धुळ्याला हलवावं लागलं. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०१८ मध्ये. त्याआधी तिथला गंभीर पेशंट म्हणजे धुळे, नाहीतर औरंगाबाद, नाशिक. एवढा वेळ पेशंटच्या शेजारी बसलेला माणूस कोण आहे, यावर सगळं ठरतं.

एक पायलट मला म्हणाले, "पेशंट पोचवून परत येताना आम्ही जास्त बडबड करतो. पण लहान मूल दगावलं असेल, तर अख्खा रस्ता कुणीच बोलत नाही. मग स्टँडवर आलो की कुणीतरी चहा सांगतो, आणि कुणीतरी मुद्दाम फालतू जोक मारतो. तो जोक हसण्यासाठी नसतो. पुढचा कॉल घ्यायचा असतो."

मला वाटतं, ॲम्ब्युलन्सचा अख्खा इतिहास या माणसात आहे. गाडी तर अंत्यसंस्कारवाल्यांकडेही होती. फरक पडला तो मागे शिकलेला माणूस बसल्यावर. आणि आपण मोजतो काय? गाड्या. २०२४ मध्ये राज्यानं पुढच्या टप्प्याचा करार केला, त्यात १७५६ वाहनं: १२७४ बेसिक, २५५ ॲडव्हान्स, १६६ बाईक, नवजात बाळांसाठी २५, आणि ३६ बोटी. बोटींचं महत्त्व नर्मदाकाठच्या पाड्यांना विचारा. हे सगळं हवंच आहे. पण प्रत्येक गाडीमागे पायलट आणि डॉक्टर लागतात, रात्रपाळीलाही लागतात, आणि ही माणसं कंत्राटी आहेत. पगार वेळेवर होईल का, नवीन कंत्राट आलं तर आपण राहू का, हे विषय मात्र त्यांच्या गप्पांत जोक म्हणून येत नाहीत.

जाता जाता तीन कामाच्या गोष्टी. १०८ लावलात की आधी तालुका सांगा, मग गावाचं पूर्ण नाव, बुद्रुक-खुर्दसकट, मग ठळक खूण, आणि फोन चालू ठेवा. दुसरी, अपघातात मदत केली म्हणून कुणी तुम्हाला अडकवू शकत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं संरक्षण दिलं, आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. तिसरी, गाडी आली की एका माणसाला मुख्य रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं करा. पायलट लोक सांगतात, अंधारात एवढी एक टॉर्च दिसली तरी त्यांचं अर्धं काम होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावाच्या नावापुढं बुद्रुक, खुर्द, सीम असं काही लागत असेल, तर घरच्या सगळ्यांना ते पूर्ण नाव आजच पाठ करायला लावा.