बोरघाटाचं कंत्राट आणि आठवड्याची मजुरी

छोट्या धंद्याची पहिली वर्षं हा आजचा विषय, आणि तो सांगायला आम्ही कर्जत-खालापूर निवडलं आहे. कर्जतला एक्सप्रेस थांबते, मागून इंजिन लागतं, वडा संपतो तोवर गाडी घाटाकडे निघते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण हा घाटमार्ग बांधला कोणी, असं विचारलं तर आपण 'इंग्रजांनी' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्ष कामाचा मोठा भाग शेकडो लहान-लहान उपकंत्राटदारांच्या आणि मुकादमांच्या अंगावर होता. त्यांचा हिशेब कसा चालायचा, ते आज बघू.

1856 मध्ये जी.आय.पी. रेल्वे खोपोलीपर्यंत आली. पुढे डोंगर. उतारूंनी पालखीने नाहीतर गाडीरस्त्याने घाट चढायचा आणि 1858 पासून खंडाळ्याला पुण्याची गाडी पकडायची. मधला तुटलेला दुवा जोडायचं काम 1856 मध्येच सुरू झालं. चढ कुठे कुठे दर 37 फुटांना एक फूट, बोगदे 25. मुख्य अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार विल्यम फॅविएल. हा माणूस नवखा नव्हता बरं का! 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी ज्या मार्गावरून धावली, त्या बांधकामातही तो होता. पण ठाण्याची सपाटी वेगळी आणि बोरघाटाचा काळा कातळ वेगळा. एका कामातला अनुभव दुसऱ्या कामाचा दर ठरवायला पुरेलच असं नाही.

आता पैशाची साखळी बघा. कंपनी मोठ्या कंत्राटदाराला पैसे देणार, ते काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर, अभियंत्याने पास केल्यावर. तो उपकंत्राटदाराला देणार. उपकंत्राटदार मुकादमाला, मुकादम मजुराला. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा उशीर आणि थोडी कपात. खालून वर मात्र उशीर चालत नाही. सुरुंग ठोकणाऱ्याला आणि पाटीतून माती वाहणाऱ्या बाईला रोज खायला लागतं. वाणी उधार देतो, पण किती दिवस? त्यात घाटातलं काम वर्षातून साधारण आठ महिने. पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात पाण्याचे हाल, वर पटकी आणि ताप. माणसं मेली तरी मरत, पळाली तरी पळत. दर मात्र आधीच ठरलेला.

मधला जो छोटा उपकंत्राटदार आहे, तो आमच्या मते या गोष्टीतला सर्वात अवघड जागी बसलेला माणूस. त्याला बिचारा म्हणून सोडून देता येत नाही, कारण मजुराचे पैसे अडकायचे ते पुष्कळदा त्याच्याच हातात. पण त्याच्या हातात ते वेळेवर येत होते का, हेही विचारायला हवं.

जानेवारी 1859 मध्ये हे फुटलं. मजूर घाटात युरोपीय लोकांवर चालून गेले, त्यात एका युरोपीयाचा जीव गेला. सरकारी चौकशीत कारण समोर आलं: ठरलेली मजुरी ठरल्या वेळी आणि ठरल्याइतकी हातात पडत नव्हती. त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडलं. पुढच्या वर्षी, 1860 मध्ये, सरकारने रेल्वेसारख्या कामांवरचे मालक-मजुरांचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी कायदाच केला.

फॅविएलनंतर आला सॉलोमन ट्रेडवेल. मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. तिने ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम दिलं आणि कंत्राट आपल्या नावावर पुरं केलं. 1861 मध्ये या घाटात 42 हजारांवर माणसं राबत होती. कर्जत आणि खोपोली तेव्हा केवढी गावं असतील, त्याच्याशी ताडून बघा! एप्रिल 1863 मध्ये मार्ग खुला झाला. बर्कले मात्र तो पाहायला राहिला नाही, आदल्या वर्षीच इंग्लंडमध्ये वारला.

ॲलिसबाईंची गोष्ट इथेच थांबवली तर छान वाटते. पण 1867 च्या पावसाळ्यात याच घाटातला मौ-की-मल्लीचा पूल कोसळला, आणि मग इतर दगडी बांधकामांकडेही संशयाने बघावं लागलं. काम मुदतीत उरकणं आणि ते टिकणं, या दोन्हींचे पैसे वेगवेगळे मोजावे लागतात. घाईत पहिल्याचे दिले जातात, दुसऱ्याचे राहतात.

आज कर्जत-खालापुरात फार्महाऊसची कामं आहेत, खोपोली परिसरात कारखान्यांची सुट्या भागांची आणि दुरुस्तीची कामं आहेत. बाहेर पडून ज्यांनी नवं वर्कशॉप टाकलंय किंवा सेंट्रिंगचं काम घ्यायला सुरुवात केलीय, त्यांना विचारा. काम नाही अशी तक्रार तुलनेने कमी ऐकू येते, बिल अडकलंय ही जास्त. कागदावर नफा असतो, पगाराच्या दिवशी खिशात नसतो. 2006 च्या कायद्याने लहान पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं बंधन घातलंय. चांगला कायदा आहे. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली तर पुढचं काम कोण देणार, म्हणून बरेच जण गप्प बसतात.

आणि समजा पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी अगदी वेळेवर आले, तरी तोपर्यंत सहा आठवड्यांची मजुरी देऊन झालेली असते. ती कुठून दिली, घरच्या सोन्यातून, पतपेढीतून की पुढच्या कामाच्या ॲडव्हान्समधून, हे त्या-त्या माणसाला माहीत असतं. पुढच्या कामाच्या ॲडव्हान्समधून दिली असेल, तर ते पुढचं काम सुरू होतानाच तुटीत असतं.