टाउन हॉल, बंगळूर

कर्नाटकाच्या राजधानीतील जुने सार्वजनिक सभागृह. अधिकृत नाव ‘सर के. पी. पुट्टण्ण चेट्टी टाउन हॉल’. रिक्षावाल्याला मात्र ‘टाउन हॉल’ एवढेच पुरते. दक्षिणेकडील बनशंकरीहून लालबागेच्या अंगाने शहरात शिरले, की जे. सी. रस्त्याच्या उत्तर टोकाला ही पांढरी इमारत समोर येते.

पायाभरणी 6 मार्च 1933 रोजी म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी केली आणि 11 सप्टेंबर 1935 रोजी युवराज कंठीरव नरसिंहराज वडियार यांनी उद्घाटन केले. तेव्हा सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. ज्यांचे नाव दिले ते पुट्टण्ण चेट्टी नगरपालिकेचे माजी अध्यक्ष आणि दानशूर गृहस्थ.

शैली ग्रीक-रोमन वळणाची. उंच जोते, रुंद पायऱ्यांची लांबलचक रांग, वर उंच टस्कन खांब आणि माथ्यावर त्रिकोणी शिखरपट्टी. टस्कन खांब म्हणजे सर्वांत साधा प्रकार : अंगावर उभ्या खाचा नाहीत, माथ्याला पानाफुलांचे कोरीवकाम नाही. शोभा काय ती उंचीची आणि सावलीची. आत दोन मजली प्रेक्षागार असून सुमारे 1,038 जणांची सोय आहे. 1976 व 1990 मध्ये नूतनीकरण झाले.

हे रूप पाहून इमारत इंग्रजांची असावी असे वाटते. ती तशी नाही. इंग्रजांचा लष्करी तळ वेगळा होता, त्याची नगरपालिकाही वेगळी, आणि दोन्ही पालिका 1949 मध्ये एक झाल्या. टाउन हॉल उभा राहिला तो म्हैसूर संस्थानाच्या अखत्यारीतील जुन्या पेठेच्या बाजूला. पाश्चात्त्य खांबांची आवड दरबाराचीही होती, एवढाच याचा अर्थ. पुढे 1956 मध्ये पूर्ण झालेल्या विधानसौधाने, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीने, मात्र मंदिरवास्तूची वाट धरली.

वास्तूचा सर्वांत जिवंत भाग आतला नव्हे, बाहेरच्या पायऱ्यांचा. त्या थेट गजबजलेल्या चौकाकडे तोंड करून असल्याने फलक धरून बसणाऱ्याला आयता प्रेक्षक मिळे. त्यामुळे हे अनेक वर्षे शहरातील निदर्शनांचे नेहमीचे ठिकाण होते. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातील निदर्शनांच्या वेळी, 19 डिसेंबर 2019 रोजी, इतिहासकार रामचंद्र गुहा यांना पोलिसांनी इथेच ताब्यात घेतले.