पुसलेली तबकडी आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

संगणक मंदावला, विषाणूंनी ग्रासला किंवा नव्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावयाचा झाला, की हार्ड डिस्क फॉरमॅट करून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणे हा कार्यालयांतील नित्याचा उपाय आहे. तंत्रज्ञाच्या दृष्टीने ही केवळ साफसफाई होय. परंतु ज्या कार्यालयातून राज्यकारभार चालतो, तेथील संगणकाची स्मृती कोरी करणे ही साफसफाई की दप्तराचा नाश, हा प्रश्न १९८९ ते १९९५ या काळात अमेरिकेच्या न्यायालयांपुढे आला. इतिहासाच्या अभ्यासकांनी या वादाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके आपल्याकडे दिले गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात त्या वादाचा, आणि तो समजण्यापुरता ‘पुसणे’ या क्रियेचा, विचार केला आहे.

पुसणे म्हणजे काय?

चुंबकीय तबकडीवरील माहिती दोन ठिकाणी विभागलेली असते. प्रत्यक्ष मजकूर एकीकडे आणि तो कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका दुसरीकडे. फाइल ‘डिलीट’ केली असता सामान्यतः अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी रद्द होते. झटपट फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिकाच नव्याने मांडली जाते. ग्रंथालयातील तालिकेची सारी कार्डे फेकून द्यावीत आणि पुस्तके मात्र कपाटातच राहावीत, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर टाकलेली नवी ऑपरेटिंग सिस्टीम काही कपाटे आपल्या ग्रंथांनी भरते. उरलेल्या कपाटांतील जुने ग्रंथ जागच्या जागी राहतात.

ही गोष्ट गुपित नव्हती. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनफॉरमॅट’ नावाची आज्ञाच होती. तरीही ‘फॉरमॅट केले म्हणजे गेले’ ही समजूत टिकून राहिली. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या केवळ १२. उरलेल्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक हाती लागले. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना संपूर्ण तबकडीवर शून्ये लिहिली जाऊ लागली.

व्हाइट हाउसमधील टेप

रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत आयबीएम कंपनीची ‘प्रॉफ्स’ ही ई-मेल व्यवस्था वापरात आली. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातील नफा निकाराग्वातील कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले. त्याच आठवड्यात जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपापल्या संदेशपेट्या रिकाम्या केल्या. पॉइंडेक्स्टर यांनी पुसलेल्या संदेशांची संख्या ५,००० हून अधिक, तर नॉर्थ यांची ७०० हून अधिक होती. नॉर्थ यांच्या कचेरीत कागद फाडण्याचे यंत्रही त्या दिवसांत अखंड चालू होते. कागदांच्या बाबतीत ते बरेचसे यशस्वी झाले, संगणकाच्या बाबतीत नाही. मध्यवर्ती संगणकाची प्रत नियमितपणे चुंबकीय टेपवर घेतली जात असे. या टेप एरवी काही दिवसांनी पुन्हा वापरात येत. यावेळी मात्र त्या बाजूला काढून ठेवण्यात आल्या. १९८७ च्या टॉवर आयोगाच्या अहवालास या संदेशांचा मोठा आधार मिळाला. हा प्रसंग इतिहासकाराला सुखावणारा असला, तरी मजकूर वाचला तो कायद्यामुळे नव्हे; सांभाळून ठेवण्याच्या एका तांत्रिक सवयीमुळे.

खरा पेच १९८९ च्या जानेवारीत निर्माण झाला. सत्तांतराच्या वेळी संगणक आणि टेप कोरे करून नव्या प्रशासनाच्या हवाली करावयाचे ठरले होते. महत्त्वाचे ते कागदावर उतरविले आहे, उरलेला मजकूर दूरध्वनीच्या चिठ्ठ्यांसारखा आहे, अशी सरकारची भूमिका होती. स्कॉट आर्मस्ट्राँग आणि ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ ही संशोधन संस्था न्यायालयात गेली. रेगन यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या सायंकाळी, १९ जानेवारी १९८९ रोजी, न्यायमूर्ती बॅरिंग्टन पार्कर यांनी टेप पुसण्यास मनाई केली.

पुढील चार वर्षे वाद चालला तो एका साध्या वाटणाऱ्या मुद्द्यावर: छापील प्रत असताना संगणकातील मूळ संदेश ठेवण्याचे कारण काय? ६ जानेवारी १९९३ रोजी न्यायमूर्ती चार्ल्स रिची यांनी, आणि १३ ऑगस्ट १९९३ रोजी अपील न्यायालयाने, संगणकातील मूळ संदेश हा स्वतंत्र अभिलेख असल्याचे मान्य केले. छापील प्रतीवर संदेश नेमका कोणाकोणाला गेला आणि त्यांना तो केव्हा मिळाला, हे नेहमी उतरत नसे. एखाद्या निर्णयाची जबाबदारी निश्चित करताना नेमकी तीच माहिती लागते. मोडी पत्रांच्या अभ्यासकास हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मायना फाटलेले आणि मितीत साल नसलेले पत्र हाती आले, की केवळ मजकुरावरून किती तर्क लढवावे लागतात, याचा त्याला पुरेपूर अनुभव असतो.

दोन निकालांच्या मधल्या काळात दुसरे सत्तांतर झाले. तंतोतंत प्रती टेपवर जपण्याच्या अटीवर संगणक रिकामे करण्याची मुभा अपील न्यायालयाने दिली. १९ जानेवारी १९९३ च्या रात्री टेप आणि काही हार्ड डिस्क राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात गेल्या. त्याच रात्री अभिलेखागाराचे प्रमुख डॉन विल्सन यांनी मावळते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याशी करार करून या सामग्रीवर बुश यांचेच नियंत्रण मान्य केले. ज्याने दप्तर राखावयाचे, त्यानेच त्याची किल्ली परत द्यावी, हा या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रसंग होय. न्यायमूर्ती रिची यांनी १९९५ मध्ये तो करार रद्द ठरविला.

नंतरची स्थिती

१९८६ चे संदेश आजच्या यंत्रांवर असते, तर कदाचित वाचले नसते. चुंबकीय तबकडीची जागा घेणाऱ्या एसएसडीत पुसलेली जागा यंत्र स्वतःहून रिकामी करून ठेवते. विंडोज ७ ने २००९ मध्ये त्यासाठीची ‘ट्रिम’ सोय आणली. शिवाय मजकूर कूटबद्ध असेल, तर किल्ली नष्ट होताच उरलेली अक्षरे निरर्थक होतात. नव्याने स्थापित केलेल्या विंडोज ११ मध्ये २०२४ च्या आवृत्तीपासून असे कूटीकरण बहुतेक संगणकांवर आपोआप सुरू होते. खासगीपणाच्या दृष्टीने हे इष्टच आहे. जुना संगणक विकणाऱ्याला आता गारफिंकेल यांच्यासारख्या ग्राहकाचे भय कमी आहे. मात्र अनवधानाने केलेला फॉरमॅटही आता तितकाच पक्का झाला आहे.

भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम झाला तोही १९९३ मध्येच. केंद्र शासन, केंद्रशासित प्रदेशांची प्रशासने, सार्वजनिक उपक्रम आणि केंद्राच्या वैधानिक संस्था यांना तो लागू आहे. अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेली सामग्री त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. विहित पद्धतीखेरीज अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कागदी नस्ती निकाली काढताना अभिलेख अधिकाऱ्याकडे तिची नोंद होते, वर्गवारी तपासली जाते, यादी ठेवली जाते. बंद पडलेला संगणक दुरुस्तीला जातो, तेव्हा बहुधा एवढेच विचारले जाते: “यात काही महत्त्वाचे आहे का?” आणि उत्तर देतो तो त्या क्षणी टेबलाशी असलेला मनुष्य.