विहीर, रहाट, पाट आणि पाऊस

आज आम्ही तुम्हाला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव तेरेसा. नाव ऐकून कोलकात्याच्या मदर तेरेसा आठवतील, पण ही त्यांच्या फार आधीची. 1515 साली स्पेन देशातल्या आविला गावी जन्मलेली. ख्रिस्ती धर्मातल्या ध्यान-प्रार्थनेचा इतिहास सांगायचा, तर हिला टाळून पुढे जाता येत नाही.

विसाव्या वर्षी ती गावातल्या मठात गेली. थोड्याच दिवसांत मोठं आजारपण आलं. चार दिवस ती बेशुद्ध होती. आता गेलीच म्हणून मठातल्या बायकांनी तिच्यासाठी खड्डासुद्धा खणून ठेवला होता. ती वाचली, पण पुढे जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं पडलं होतं.

ख्रिस्ती लोकांत प्रार्थना दोन तऱ्हांनी होते. एक तोंडाने म्हणायची, ठरलेल्या शब्दांची. दुसरी मनातली, गप्प बसून देवाशी बोलायची. तेरेसाला ही दुसरी हवी होती, पण मन लागेना. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की प्रार्थनेला बसलं की घड्याळाचा ठोका कधी पडतो इकडेच कान असायचा, एकदाचा तास संपावा असं वाटायचं. मध्ये वर्षभराहून जास्त काळ तिने ही प्रार्थना सोडूनही दिली होती. आपण डोळे मिटावेत आणि दूध उतू जाईल का, याचीच चिंता लागावी, तसंच की हे! म्हणूनच ही बाई आम्हाला आपली वाटते.

पण खरी अडचण मनाची नव्हती, काळाची होती. त्या वेळी स्पेनमध्ये इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय होतं. धर्माच्या चौकटीबाहेर कोण जातंय, यावर त्याची नजर असे. असंच न्यायालय पोर्तुगीजांनी 1560 साली आपल्या शेजारच्या गोव्यातही बसवलं. बायकांनी एकट्याने मौन प्रार्थना करावी, हे पुष्कळ धर्मपंडितांना धोक्याचं वाटे. बाईने चरखा चालवावा, ठरलेले शब्द म्हणावेत, एवढं पुरे, असं ते म्हणत. 1559 साली लोकांच्या बोलीतली कितीतरी धर्मपुस्तकं वाचायला बंदी झाली. लॅटिनमधली चालत होती, पण तेरेसाला लॅटिन येत नव्हतं. म्हणजे पंडितांचं दार उघडं आणि बायकांचं बंद. त्यात तिचे आजोबा मूळचे ज्यू, धर्म बदललेले. त्यामुळे अशा घरातल्या माणसाला तर आणखी जपून राहावं लागे.

अशा दिवसांत तिला मार्गदर्शन करणाऱ्या पाद्र्यांनी सांगितलं, तुझा अनुभव लिहून काढ. तिने लिहिला, तोही साध्या स्पॅनिश बोलीत. त्यात प्रार्थना समजवायला तिने दाखला घेतला बागेला पाणी देण्याचा. हा दाखला आपल्याला कुणी फोड करून सांगायला नको.

बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळतं, ती म्हणते. पहिली तऱ्हा, विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचं. हात दुखतात, पाणी थोडंच येतं. प्रार्थनेची सुरुवात अशीच असते. दुसरी, रहाट फिरवायचा. कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी, ओढ्याचं पाणी पाटाने आणायचं. मग माळ्याने नुसती वाट करून द्यायची. आणि चौथी, पाऊस. तिथे माळ्याचं काहीच चालत नाही, सगळं वरून येतं.

पण तिचं खरं शहाणपण पुढे आहे. विहीर कोरडी पडली तर काय? पोहरा रिकामा वर आला तर? तरीही शेंदायला जायचं, ती सांगते. बाग आपली नाही, धन्याची आहे. पाणी देणं त्याच्या हाती, पोहरा सोडणं आपल्या हाती. मन लागलं नाही म्हणून प्रार्थना वाया गेली असं तिने मानलं नाही.

1562 साली तिने आविलातच एक लहान मठ काढला. मोजक्याच बायका, श्रीमंतांच्या देणगीवर न जगता सूत कातून पोट भरणाऱ्या. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास मौन प्रार्थना. त्यांच्यासाठी तिने दुसरं पुस्तक लिहिलं. ठरलेली प्रार्थनाही आपण कुणाशी बोलतोय हे ध्यानात ठेवून म्हटली, तर तीच मनाची प्रार्थना होते, असं तिने त्यात दाखवून दिलं. आता बायकांना कोण अडवणार? त्याच पुस्तकात तिने बायकांची बाजू घेतली होती. तपासणाऱ्याने तो मजकूर खोडून टाकला. आज तो पुन्हा वाचायला मिळतो.

पुढे बैलगाडीतून, खेचरावरून फिरत तिने एकूण 17 मठ काढले. पोपच्या एका दूताने तिला भटकी, अस्वस्थ बाई म्हणून नावं ठेवली. ती थांबली नाही. मठातल्या बायकांना ती सांगे की देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही असतो. सोबतीण आजारी असेल तर आपलं ध्यान सोडून उठा, तिची सेवा करा. प्रार्थना खरी की खोटी, हे ती अशा कामावरून ओळखायची.

तिच्या आयुष्याचं पुस्तक धर्मन्यायालयाने वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. 4 ऑक्टोबर 1582 ला ती गेली आणि पुस्तक छापून आलं 1588 साली. पुढे 1970 मध्ये कॅथलिक चर्चने तिला 'धर्मशिक्षक' ही मोठी पदवी दिली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

मैत्रिणींनो, आपल्या गटात कुणी हरिपाठ म्हणतं, कुणी नमाज पढतं, कुणी बुद्धवंदना घेतं, कुणी चर्चला जातं. ज्याची त्याची वाट वेगळी. पण "बाईला यातलं काय कळतंय" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. तेरेसाने त्यावर वाद घातला नाही. ती रोज विहिरीवर गेली, आणि दुसऱ्या बायकांनाही पाणी कसं शेंदायचं ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवलं.