‘यादीत नाही’ म्हणजे ‘नाही’ का? ऑफिसातल्या न दिसणाऱ्या संगणकाचा छोटा इतिहास

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक प्रसंग ऐका. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत एका ऑफिसात मी स्कॅन केलेल्या जुन्या नोंदवह्या बघायला गेलो होतो. फाइली शेजारच्या खोलीतल्या संगणकावर होत्या. ‘नेटवर्क’ उघडलं, तर तो संगणक यादीतच नाही. ऑपरेटर म्हणाला, “सर, ते मशीन उडालं वाटते.” परतीच्या बसची वेळ झाली होती. वहीत ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ असं मी जवळजवळ लिहिलंच होतं.

तेवढ्यात एक साधी गोष्ट करून बघितली. ‘रन’मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे त्या मशीनचा आयपी क्रमांक टाकला. फोल्डर लगेच उघडलं! म्हणजे मशीन चालू, केबल ठीक, फाइली जागेवर. बिघडली होती ती फक्त यादी.

आता प्रश्न असा, की ही यादी बनवतं कोण? इथून आपला इतिहास सुरू होतो.

१९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक कंपनीने ‘नेटबायोस’ तयार केलं. त्यात छोट्या नेटवर्कवर प्रत्येक मशीन आपलं नाव स्वतःच सांगायचं. फाइली देण्याघेण्यासाठी आयबीएममध्येच ‘एसएमबी’ हा प्रोटोकॉल आला. पुढे १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ने आणि मग विंडोज ९५ च्या ‘नेटवर्क नेबरहूड’ने शेजारच्या संगणकांची यादी पडद्यावर आणली. ती ठेवण्यासाठी मशीनांमध्ये चक्क ‘निवडणूक’ व्हायची. जिंकलेलं मशीन ‘मास्टर ब्राउझर’ बनून हजेरीपट सांभाळायचं. बाकीची मशीनं साधारण दर १२ मिनिटांनी हजेरी द्यायची. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटायचं. म्हणजे बंद पडलेलं मशीन ३६ मिनिटं यादीत दिसू शकायचं आणि नुकतंच चालू केलेलं काही वेळ दिसायचंच नाही. यादी तेव्हाही पूर्ण खरी नव्हती, बरं का!

मग २०१७ उजाडलं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’नेही तोच दोष वापरला आणि आपल्या न्हावा-शेव्यातल्या जेएनपीटीच्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून ही जुनी आवृत्ती काढायला घेतली. हजेरीपट याच आवृत्तीवर उभा होता. फाइलींची देवाणघेवाण मात्र तोवर नव्या आवृत्त्यांवर गेली होती. म्हणून फाइली उघडत राहिल्या आणि यादी तेवढी रिकामी झाली.

उपाय? जुनी आवृत्ती परत चालू करू नका, ते उघडं दार आहे. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करा आणि न दिसणाऱ्या मशीनवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक’ करून सुरू करा. आता हजेरी देण्याचं काम तिच्याकडे आहे. ढाणकीत ती बंदच होती. सुरू केली आणि थोड्या वेळात नाव दिसलं.

यातला एक माणूस तुमच्या कामाचा आहे. अँड्र्यू ट्रिजेल, कॅनबेरात पीएचडी करणारा विद्यार्थी. १९९१ च्या अखेरीस त्याला आपल्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फाइली हव्या होत्या. प्रोटोकॉलचे कागद हाताशी नव्हते, म्हणून तारेवरून जाणारी पाकिटंच त्याने वाचली आणि त्यावरून स्वतःचा सर्व्हर लिहिला. तोच पुढे ‘सांबा’ झाला. आपण एसएमबीच उलगडतोय, हे त्याला तेव्हा माहीतही नव्हतं.

उद्या अभिलेखागारात सूची चाळताना हे आठवा. सूचीसुद्धा कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी नियमाने बनवलेली असते. तो नियम आधी समजून घ्या, थेट पत्त्यावर जाऊन एकदा दार वाजवा आणि मगच वहीत ‘उपलब्ध नाही’ लिहा. माझी त्या दिवशीची बस चुकली, पण प्रबंधातलं एक खोटं वाक्य वाचलं.