ब्रेकचा सैल नट

इंग्लंडात गाडीचा विमा काढायला बसलं की फॉर्मवर एक प्रश्न हमखास येतो. गेल्या 3 किंवा 5 वर्षांत (कंपनीगणिक आकडा बदलतो) तुमच्या बाबतीत काही अपघात, नुकसान किंवा क्लेम झाला आहे का? चूक कोणाची होती ते सोडा, पैसे मागितले होते की नाही तेही सोडा, झालं असेल तर लिहा. आमच्या टीममधला एक जण रेडिंगला ऑनसाइट गेलाय. त्याने हा प्रश्न बघून मला पिंग केलं. याची गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नुसती उभी होती, कोणीतरी बंपरला घासून निघून गेलं, याने क्लेमसुद्धा केला नाही. "आता हे पण सांगायचं? यात माझा काय संबंध?" सांगायचं, असं उत्तर मी देऊन टाकलं. पण 'का' हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हा नियम आला कुठून ते शोधायला लागलो, आणि पोचलो थेट सुमात्राला!

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बेंकूलन (आजचं बेंगकुलू) इथे ईस्ट इंडिया कंपनीचा मिरीचा व्यापार चालायचा. राखणीला फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला. किल्ला म्हणायचं एवढंच, तो स्थानिक लोकांना अडवण्यापुरता होता, युरोपातल्या एखाद्या आरमारासमोर टिकणारा नव्हता. आणि तेव्हा इंग्लंड-फ्रान्सचं सप्तवार्षिक युद्ध ऐन भरात होतं. किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने लंडनमधल्या आपल्या भावाकरवी एक विमा काढला. शत्रूने 16 ऑक्टोबर 1759 ते 16 ऑक्टोबर 1760 या वर्षात किल्ला घेतला तर 10,000 पौंड. चार्ल्स बोम हा त्यातला एक विमाकर्ता. सही झाली मे 1760 मध्ये. गंमत अशी की एप्रिलमध्येच काउंट देस्तँ या फ्रेंच सेनानीने किल्ला घेतलासुद्धा होता. लंडनमध्ये कोणाला पत्ता नाही, कारण बातमी जहाजाने यायची, म्हणजे महिन्यांचा हिशोब.

बोमने पैसे द्यायला नकार दिला. किल्ला कमकुवत आहे हे सांगितलं नाही, फ्रेंच हल्ल्याची भीती गव्हर्नरला वाटत होती तेही सांगितलं नाही, म्हणून करार रद्द. 1766 मध्ये प्रकरण लॉर्ड मॅन्सफील्डसमोर आलं. तो इंग्लंडचा सरन्यायाधीश, आणि व्यापारी कायद्याची घडी बसवणारा माणूस. कार्टर विरुद्ध बोम हा निकाल आजही विमा कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही पानांत येतो. मॅन्सफील्डचं म्हणणं साधारण असं. विमा हा अंदाजाचा करार आहे. अंदाज ज्या माहितीवर बांधायचा ती बहुतेक वेळा विमा काढणाऱ्याकडेच असते. ती त्याने दडवली तर समोरच्याला फसवल्यासारखंच होतं, म्हणून करार रद्द होऊ शकतो. इथे जन्मलं ते 'परम सद्भावा'चं तत्त्व, वकील मंडळी ज्याला लॅटिनमध्ये उबेरिमे फिदेई म्हणतात.

इथवर वाचून वाटेल की बोम जिंकला. नाही, हरला! मॅन्सफील्डने पुढे असंही म्हटलं की सचोटी दोन्ही बाजूंना लागू आहे. युद्ध चालू आहे हे बोमला माहीत होतं. फ्रेंच आरमार कुठे जाईल याचा अंदाज सुमात्रापेक्षा लंडनमध्ये बसून जास्त चांगला बांधता येत होता. किल्ल्याची अवस्था गव्हर्नरला ठाऊक असणार हे उघड होतं. हवं होतं तर बोमने विचारायचं. विचारलं नाही, प्रीमियम खिशात टाकला, आणि नुकसान झाल्यावर म्हणतो मला सांगितलं नाही. हे चालणार नाही. म्हणजे ज्या खटल्यातून 'सगळं सांगा' हा नियम आला, त्याच खटल्यात सगळं न सांगणारा माणूस जिंकला. कारण समोरच्याने विचारायची तसदी घेतली नव्हती.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मॅन्सफील्डने व्हॅलिडेशनची जबाबदारी दोन्हीकडे वाटून दिली होती. पुढच्या दीडशे वर्षांत त्यातली एक बाजू कोणीतरी कॉमेंट आउट केली. 1906 चा मरीन इन्शुरन्स ॲक्ट (मसुदा सर मॅकेन्झी चाल्मर्सचा) म्हणतो की 'सुज्ञ' विमाकर्त्याच्या निर्णयावर परिणाम करील अशी प्रत्येक गोष्ट अर्जदाराने आपणहून सांगावी. सांगितली नाही तर अख्खा करार मोडायचा अधिकार विमाकर्त्याला. कायदा जहाजांपुरता, पण न्यायालयांनी तीच फूटपट्टी सगळ्या विम्यांना लावली. आता विचार करा, सुज्ञ विमाकर्त्याच्या मनात काय असतं हे तुम्हाआम्हाला कसं कळणार? फॉर्ममध्ये जी फील्डच नाही ती भरा, असा हा प्रकार. जहाजाच्या मालकाला एक वेळ जमेल, कारण तो धंद्यातलाच आणि सोबत दलाल. पण लवकरच रस्त्यावर मोटारी आल्या, आणि साध्या माणसांनी फॉर्म भरायला सुरुवात केली.

मोटारींचे खटले वाचताना माझी खरी झोप उडाली. 1922 सालचा डॉसन्स विरुद्ध बोनिन घ्या. ग्लासगोच्या एका कंत्राटदार कंपनीने लॉरीचा विमा काढला. गाडी रात्री कुठे उभी असते या प्रश्नाला नजरचुकीने ऑफिसचाच पत्ता लिहिला गेला, प्रत्यक्षात ती शहराबाहेरच्या एका फार्मवर असायची. लॉरी आगीत जळाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केलं की या चुकीने धोक्यात काही फरक पडत नव्हता. तरीही 3 विरुद्ध 2 मतांनी कंपनीला एक पैसा मिळाला नाही. कारण? अर्जातली उत्तरं हाच कराराचा पाया, असं एक वाक्य पॉलिसीत होतं. पायातली एक वीट चुकीची, म्हणजे इमारत पाडा. हाच तो कुप्रसिद्ध 'बेसिस क्लॉज'.

1929 चा न्यूजहोम ब्रदर्सचा खटला तर आपल्याकडच्या कोणालाही ओळखीचा वाटेल. बसचा विमा होता. मालकाने एजंटला खरी उत्तरं सांगितली, एजंटने फॉर्ममध्ये चुकीची लिहिली, आणि मालकाने न वाचता सही केली. चुकलेली माहिती होती आधीच्या नुकसानींबद्दलची. कोर्टाने ठरवलं की फॉर्म भरताना एजंट हा कंपनीचा माणूस नव्हे, तर अर्जदाराचा लेखनिक! त्याला जे माहीत ते कंपनीला माहीत असं धरता येणार नाही. विमा गेला.

आणि 1935 चा मॅके विरुद्ध लंडन जनरल इन्शुरन्स. तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का, या प्रश्नाला मॅकेने नाही म्हटलं होतं. काही वर्षांपूर्वी त्याला मोटारसायकलचे ब्रेक नीट नसल्याबद्दल 10 शिलिंग दंड झाला होता. ब्रेकचा एक नट सैल झाला होता, एवढंच. दुसरं एक उत्तरही असंच किरकोळ चुकलेलं, आधीच्या एका कंपनीने नुकसानीतले पहिले अडीच पौंड त्याच्या माथी टाकले होते त्याबद्दल. क्लेम आल्यावर कंपनीने हे दोन्ही उकरून काढलं. न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी निकालात स्पष्ट म्हटलं की या माणसाला अत्यंत वाईट वागणूक मिळाली आहे, कंपनीने त्याचा प्रीमियम घेतला आणि त्या उत्तरांनी तिची यत्किंचितही दिशाभूल झाली नव्हती. आणि असं म्हणून निकाल दिला कंपनीच्या बाजूने. कायदाच तसा होता.

(कोणी म्हणेल, खरं लिहायला काय जात होतं? काही जात नव्हतं, मान्य. पण विश्वासघात आणि विसरलेला नट यांना एकच शिक्षा असेल तर तो नियम सचोटी वाढवत नाही. कंपनीला फक्त एवढं शिकवतो की आधी तपासू नका, क्लेम आल्यावर तपासा.)

इथे आणखी एक तिढा आहे. 1930 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. हेतू हा की रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळावी. 1934 मध्ये कंपन्यांना सांगण्यात आलं की कोर्टाने ठरवलेली भरपाई जखमीला द्या. पण एक खिडकी उघडी ठेवली होती. विमा माहिती दडवून काढला होता असं कोर्टाकडून वेळेत घोषित करून घ्या आणि सुटा. म्हणजे फॉर्म भरला एकाने, नट विसरला त्याने, आणि पाय मोडलेला तिसराच माणूस रिकाम्या हाताने घरी. ब्रिटनमध्ये ही खिडकी बंद व्हायला 2019 उजाडलं.

बाकी दुरुस्तीची कहाणी झटपट सांगतो, कारण ती मुख्यतः फायलींचीच आहे. कायदा बदला असं 1957 मध्ये एका सरकारी समितीने सांगितलं, 1980 मध्ये लॉ कमिशनने सांगितलं. मधल्या काळात कंपन्यांनी 'आम्ही सबुरीने वागू' असं वचन लिहून दिलं आणि बदल टळला. शेवटी 2012 मध्ये ग्राहकांच्या विम्यासाठी नवा कायदा झाला, 6 एप्रिल 2013 पासून लागू. आता आपणहून काही सांगायची सक्ती नाही. कंपनीने स्पष्ट विचारायचं, तुम्ही वाजवी काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. मुद्दाम खोटं लिहिलंत तर पॉलिसी रद्द. निष्काळजीपणे चुकलात तर प्रमाणात कपात. खरं कळलं असतं तर दुप्पट प्रीमियम घेतला असता ना? मग क्लेमचे निम्मे पैसे द्या. बेसिस क्लॉजही गेला. म्हणजे 246 वर्षांनी मॅन्सफील्डची दुसरी बाजू अनकॉमेंट झाली :)

रेडिंगवाल्या मित्राच्या 'का'चं उत्तर हेच. त्याला स्पष्ट प्रश्न विचारलाय, म्हणून खरं उत्तर द्यायचं. शिवाय तिकडच्या विमा कंपन्यांचा क्लेमचा सामायिक डेटाबेस 1994 पासून आहे, तेव्हा न सांगितलेलं बऱ्याचदा त्यांना दिसतंच.

असो. आपल्याकडे काय? आपल्या 1963 च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टने 1906 ची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी उचलली. ब्रिटनच्या 2012 सारखा कायदा आपण केलेला नाही. आयुर्विम्याला तेवढं कलम 45 चं छत्र आहे. 1938 मध्ये मुदत 2 वर्षांची होती, 2015 च्या दुरुस्तीनंतर 3 वर्षं उलटली की पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. गाडीच्या विम्याला असं काही नाही. थर्ड पार्टीबाबतची ती खिडकी 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आली, 1988 च्या कायद्यात राहिली, आणि आज कलम 150 मध्ये आहे. कोर्टं बऱ्याचदा 'आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा मार्ग काढतात, ते त्यांचं भलं.

आपल्याकडे 'पूर्वी काय झालं' हा प्रश्न बहुतेक वेळा नो क्लेम बोनसच्या रूपाने येतो. क्लेम नसलेलं पहिलं वर्ष 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि 50. गेल्या वर्षी क्लेम घेतला आणि नव्या कंपनीकडे जाऊन 'घेतला नाही' म्हटलं, की झालं खोटं निवेदन. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये याबद्दल नियम 27 आहे. निवेदन खोटं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सगळे लाभ जप्त. पण त्याच नियमात दुसरी ओळ आहे, आणि मला ती वाचून सरळ मॅन्सफील्ड आठवला. नव्या कंपनीने 21 दिवसांत जुन्या कंपनीला लेखी विचारून खात्री करायची. विचारलंच नाही आणि क्लेम आल्यावर बोट दाखवलं तर? ग्राहक आयोगांमध्ये यावर दोन्ही बाजूंचे निकाल आहेत.

मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा डीलरकडच्या मुलाने विम्याचा फॉर्म स्वतःच भरून आणला होता. बोनसच्या रकान्यात 35. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर 35 होते, त्याने तेच उतरवले. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, सगळे असंच करतात, कोण बघतंय?" मी त्याला काट मारून 0 लिहायला लावलं. प्रीमियम साडेतीन हजारांनी वाढला.