दिनविशेष : तुकाराम ओंबळे
२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याची रात्र. मध्यरात्रीच्या सुमारास गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत अडलेल्या स्कोडा गाडीतून उतरणाऱ्या दहशतवादी अजमल कसाबच्या एके-४७ची नळी सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दोन्ही हातांनी धरली. त्यांच्याजवळ होती फक्त लाठी. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. सहकारी वाचले, कसाब जिवंत सापडला. हल्ल्याच्या कटाचे पाकिस्तानपर्यंतचे धागे न्यायालयात उलगडले, त्याचे मोठे श्रेय या पकडीलाच! साताऱ्याच्या केडंबे गावचे ओंबळे लष्करातून निवृत्त होऊन पोलिसांत आले होते. मागे पत्नी आणि चार मुली. २००९च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ठाणे परिसरात आढळलेल्या कोळ्याच्या एका प्रजातीला संशोधकांनी २०२१मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले.